छत्तीस इंच आणि तीन फूट

‘हे दोन दावे शब्दशः एक नाहीत, तरीही ते एकमेकांपासून वेगळे नाहीत.’

वाचून वाटतं, शांकरभाष्य सुरू झालं, आता पुढच्या ओळीत दोरी आणि साप येणार. पण हा मथितार्थ अमेरिकेच्या पेटंट कार्यालयातल्या एका छापील परिच्छेदाचा आहे. या कार्यालयाचं मुख्यालय व्हर्जिनिया राज्यात, अलेक्झांड्रिया गावी. परीक्षकांचा वेळ वाचावा म्हणून तिथे असे परिच्छेद तयार करून ठेवलेले असतात. शेवटी ‘कारण’ हा शब्द आणि पुढे मोकळी जागा. परीक्षकाने त्या जागेत कारण लिहायचं आणि अद्वैत रवाना करायचं. आद्य शंकराचार्यांना ही सोय नव्हती, त्यांना देशभर पायी फिरावं लागलं.

या नकाराला तिकडे डबल पेटंटिंग म्हणतात. एका शोधाला एक पेटंट हा नियम; तोच शोध घेऊन पुन्हा खिडकीशी उभं राहिलं की हे पत्र येतं. औषध कंपन्यांची या बाबतीतली कीर्ती जुनी आहे. पण मला जास्त गोड वाटतात ती ग्राहकसेवेची सॉफ्टवेअरं करणारी मंडळी. कारण ग्राहकसेवा म्हणजे तेच उत्तर दर वेळी नव्या शब्दांत देण्याची कला, आणि इथे ती कला तिच्या उस्तादांवरच उलटते.

ग्राहकसेवेचं सॉफ्टवेअर करतं काय? ग्राहक काहीतरी विचारतो. तो काय विचारतोय ते ओळखायचं. त्याला योग्य माणसाकडे पाठवायचं. तो माणूस मोकळा नसेल तर संगीत ऐकवायचं. पहिल्या तीन पायऱ्यांत चूक होऊ शकते. चौथी पायरी मात्र कधी चुकल्याचं ऐकिवात नाही. आता एवढ्या भांडवलावर दहा-बारा पेटंटं कशी काढायची? नमुन्यादाखल मीच एक दावा रचतो. ‘ग्राहकाकडून एक प्रश्न प्राप्त करणे, प्रोसेसरद्वारे त्या प्रश्नामागचा हेतू निश्चित करणे, आणि त्या हेतूच्या आधारे तो प्रश्न एका प्रतिनिधीकडे वळवणे.’ समजा, याला पेटंट मिळालं. दोन वर्षांनी त्याच वर्णनावरून पुढचा अर्ज जातो: ‘वापरकर्त्याकडून एक विनंती प्राप्त करणे...’ तिसऱ्या अर्जात विनंतीचा ‘संवाद’ होतो, चौथ्यात ‘किमान एक संवाद’. प्रतिनिधीचा दरम्यान ‘एजंट’ होऊन पुढे ‘संसाधन’ झालेला असतो. बिचारा रात्रपाळी करून घरी येतो तेव्हा बायकोला ठाऊक नसतं की आपण एका संसाधनाला चहा देतोय. शिवाय प्रत्येक अर्जात हाच ऐवज तीन वेषांत मांडायचा असतो: एकदा पद्धत म्हणून, एकदा यंत्रणा म्हणून, आणि एकदा संगणकाला वाचता येईल अशा ‘क्षणिक नसलेल्या’ माध्यमावरच्या सूचना म्हणून.

यात बेकायदेशीर काही नाही, हे आधी सांगून टाकतो. अमेरिकेत याला कंटिन्युएशन म्हणतात. मूळ अर्ज किंवा त्याचं एखादं पिल्लू कार्यालयात प्रलंबित आहे तोवर त्याच वर्णनावर नवे दावे मांडता येतात, आणि तारीख मात्र पहिल्या अर्जाची मिळते. फायदा उघड आहे. स्पर्धकाने बाजारात काय आणलंय ते निवांत बघायचं आणि त्याच्या अंगाला बरोबर बसेल असा दावा शिवायचा. कॉल सेंटरच्या धंद्यात अफिनिटी नावाची एक कंपनी आहे. फोन करणारा आणि फोन घेणारा यांची माहितीच्या आधारे जोडी लावायची, ही तिची मूळ कल्पना. ‘कॉन्टॅक्ट सेंटरमधील वर्तनाधारित जोडणीची तंत्रं’ या अर्थाच्या एकाच मथळ्याखाली तिला एकाहून अधिक पेटंटं मिळालेली आहेत. मथळा एक म्हणजे शोध एक, असं कायदा मानत नाही. तो खालचे दावे वाचतो. ते वाचण्यासाठी ज्यांना पगार मिळतो त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

माझा एक भाचा हिंजवडीत असल्याच एका सॉफ्टवेअरवर काम करतो. पेटंटवर नव्हे, खऱ्या सॉफ्टवेअरवर. त्याला मी विचारलं, “अरे, तुमच्याकडे एकाच माणसाने तीच तक्रार तीनदा केली तर काय होतं?”

“मामा, सोपं आहे. त्याने मेल केली, फोन केला, चॅटवर पण आला, तर तीन तिकिटं उघडतात. सिस्टीम ओळखते की मॅटर सेम आहे. मग मर्ज करायची. दोन बंद, एक चालू.”

“शब्द वेगळे असले तरी?”

“शब्द वेगळेच असतात हो. फोनवर शिव्या असतात, मेलमध्ये ‘रिगार्ड्स’ असतं. पण मॅटर सेम.”

हे मर्ज करणाऱ्या मॉड्यूलवर एखादी कंपनी चार अर्ज करते आणि परीक्षक तेच चार अर्ज तिच्याच युक्तीने ओळखून मर्ज करायला सांगतो, तेव्हा वकील मंडळी चाळीस पानी उत्तर लिहितात की परीक्षक महाशयांना आमचं मॅटर समजलेलं नाही.

आपल्याकडे ही भानगड समजायला वकील लागत नाही, रेशनकार्ड पुरतं. एका घरात दोन भाऊ. थोरल्याच्या नावावर कार्ड आहे, धाकट्याला वेगळं हवंय. चौकशीला पुरवठा खात्याचा माणूस येतो आणि एकच प्रश्न विचारतो: चूल वेगळी आहे का? धाकट्याची बायको गॅलरीतला स्टोव्ह दाखवते. स्टोव्हवर कढई असते, कढईला कंपनीचं लेबल अजून चिकटलेलं असतं. आतून थोरल्या जावेची हाक येते, “अगं, आमटीला फोडणी दे!” पेटंटचा परीक्षकही चूलच शोधत असतो. ‘सर्व्हर’च्या जागी ‘प्रोसेसर’ आणि ‘प्रश्ना’च्या जागी ‘संवाद’ हा गॅलरीतला स्टोव्ह. फरक एवढाच की तिकडचा माणूस तडजोडीचा कागद बरोबर घेऊन येतो. तो म्हणतो, दुसरं कार्ड खुशाल घ्या, पण दोन्ही एकाच दिवशी संपतील, आणि दोन्ही एकाच मालकाकडे असेपर्यंतच चालतील. या कागदाला टर्मिनल डिस्क्लेमर म्हणतात.

दोन्ही अटींमागे अनुभव आहे. पहिली नसेल तर शब्द फिरवत फिरवत मक्तेदारीची मुदत अनंतकाळ लांबवता येईल. दुसरी नसेल तर एक पेटंट पुण्याच्या माणसाला आणि त्याचंच जुळं नागपूरच्या माणसाला विकता येईल, आणि मग तिसऱ्याच कोणावर तरी एकाच अपराधासाठी दोन गावांतून दोन दावे गुदरले जातील.

हा विचार जुना आहे. १८९४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे मिलर विरुद्ध ईगल मॅन्युफॅक्चरिंग हा खटला आला. वादाचा विषय शेतातलं कल्टिव्हेटर, म्हणजे आपल्या कोळप्याच्या जातीचं अवजार. त्याला एक स्प्रिंग होती. ती फाळ उचलायला मदत करते म्हणून एक पेटंट, आणि उचलायलाही व दाबायलाही मदत करते म्हणून दुसरं. न्यायालयाने सांगितलं की एकदा पेटंट देऊन झालेल्या शोधावर दुसरं देता येत नाही. स्प्रिंग तीच. तिने दिवसभर काय काय केलं याची यादी वाढवून स्प्रिंगा दोन होत नाहीत.

पण माझा खरा जीव जडला आहे तो १९७० च्या ‘इन री व्होगेल’ या निकालावर. कोर्ट ऑफ कस्टम्स अँड पेटंट अपील्स नावाच्या भारदस्त न्यायालयाने तो दिला. व्होगेल आणि मंडळींकडे डुकराच्या मांसाचं पेटंट होतं: जनावर कापल्यावर मांस गरम असतानाच सोडवायचं, बारीक करायचं, आवरणात भरायचं आणि मग थंड करायचं. पुढे त्यांनी दुसरा अर्ज केला. त्यातल्या काही दाव्यांत ‘मांस’ असा शब्द होता आणि एका दाव्यात ‘गोमांस’. आता प्रश्न पडला, डुक्कर आणि मांस हा एकच शोध की दोन? न्यायाधीशांनी पायऱ्या आखून दिल्या. आधी बघा, अगदी तोच शोध आहे का. नसेल, तर आधीच्या दाव्यावरून सहज सुचेल असा आहे का. पहिल्या पायरीवर अडकलात तर सुटका नाही, दावा मागे घ्या किंवा बदला. दुसऱ्या पायरीवर अडकलात तर तो डिस्क्लेमरचा कागद आहे. ‘मांस’वाले दावे नामंजूर झाले, कारण मांस म्हटलं की त्यात डुक्कर आलंच आणि डुकराची मुदत मागच्या दाराने वाढली. गोमांसाचा दावा मात्र सुटला. डुकरावरून गाय सहज सुचते, असं न्यायालयाला वाटलं नाही. या एका वाक्यावर आपल्याकडे किती सभा भरल्या असत्या याची कल्पना करा.

त्याच निकालात न्यायालयाने एक उदाहरण दिलं. एखाद्या दाव्यात वस्तूची लांबी ‘३६ इंच’ लिहिली आणि दुसऱ्यात ‘३ फूट’ लिहिली, तर शब्द निराळे, शोध एकच. हे उदाहरण देण्याची वेळ न्यायाधीशांवर का आली असेल, यावर मी विचार केला आहे आणि वकिलांच्या कल्पकतेपुढे हात जोडले आहेत.

व्होगेलचा नियम ग्राहकसेवेला लावून पाहा, चटकन बसतो. ‘चॅटवर आलेला प्रश्न’ हे डुक्कर. ‘कोणत्याही माध्यमातून आलेला संवाद’ हे मांस. त्यात चॅट आलंच, म्हणून डिस्क्लेमर द्या. ‘फोनवरचा आवाज ऐकून राग ओळखणे’ ही कदाचित गाय असू शकेल. वकिलाचं सगळं कसब आपलं मांस ही गाय आहे हे पटवून देण्यात.

सॉफ्टवेअरवाल्यांचं दुखणं इथेच थांबत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अ‍ॅलिस निकालापासून ‘ही नुसती अमूर्त कल्पना आहे’ हा आणखी एक नकार त्यांच्या वाट्याला सर्रास येतो. त्यामुळे एकाच पत्रात पहिल्या काही पानांवर लिहिलेलं असतं की हा शोधच नव्हे, आणि पुढच्या काही पानांवर, की हाच शोध तुम्ही आधी लावलेला आहे. दोन्ही म्हणण्यांखाली सही एकाच परीक्षकाची. कधी दोन्ही अर्ज अजून प्रलंबितच असतात, एकालाही पेटंट नाही. तरी दोघांवर ‘तात्पुरता’ नकार लागतो. जन्म व्हायचाय, पण जुळी असल्याचा आरोप पोटातच. मग जो अर्ज आधीचा, त्याच्याविरुद्ध दुसरं काही उरलं नसेल तर त्याला पुढे जाऊ द्यायचं, असा शहाणा नियम आहे.

उलटा प्रकारही घडतो. कार्यालयच सांगतं, तुमच्या एका अर्जात दोन शोध आहेत, वेगळे करा. अर्जदार निमूटपणे वेगळे करतो. आता दुसऱ्या अर्जावर त्याच कार्यालयाने ‘हा तर पहिलाच शोध’ म्हटलं तर? हे होऊ शकेल हे तिथल्या संसदेनेच ओळखलं आणि कायद्यात १२१ वं कलम घालून ठेवलं: आम्हीच वेगळं व्हायला सांगितलं असेल, तर पुन्हा एक असल्याचा ठपका ठेवणार नाही. ज्या कार्यालयासाठी असं कलम लिहावं लागतं, ते कार्यालय कोणत्याही देशात असो, आपल्याला परकं वाटत नाही.

ग्राहकसेवेच्या पेटंटांचा इतिहास लिहायचा तर रोनाल्ड कॅट्झ यांना पहिला पाट द्यावा लागेल. १९६१ साली टेलिक्रेडिट ही कंपनी काढणाऱ्यांपैकी ते एक. दुकानदाराला समोरचा चेक घ्यावा की नाही हे सांगायचा तिचा धंदा. पुढे १९८० च्या दशकात त्यांनी फोन आणि संगणक यांच्या जोडणीवर अर्ज सुरू केले. ‘शिल्लक जाणण्यासाठी एक दाबा’ या कुळातलं जे काही आहे, त्यावर त्यांच्या पेटंटांचं जाळं पसरलं. २००५ आणि २००६ मध्ये त्यांच्या कंपनीने २५ खटले भरले. प्रतिवादी १६५, आणि ३१ पेटंटांमधले दावे १,९७५. बटणं बाराच असलेल्या यंत्रासाठी. पेटंटं मोजक्या मूळ अर्जांची लेकरं-नातवंडं होती, आणि त्यांतल्या अनेकांवर टर्मिनल डिस्क्लेमर होते.

सगळे खटले कॅलिफोर्नियातल्या एका न्यायाधीशापुढे एकत्र आले. ग्राहकसेवेच्या भाषेत, मर्ज झाले. न्यायाधीशांनी सांगितलं, एवढे दावे मी ऐकणार नाही. प्रत्येक प्रतिवादी गटाविरुद्ध शेवटी १६ निवडा, सगळे मिळून ६४ च्या वर जाऊ नका. मात्र उरलेल्यांपैकी एखादा दावा खरोखरच वेगळा मुद्दा उभा करतो असं दाखवलंत, तर तोही घेईन. कॅट्झ यांच्या कंपनीने अपील केलं की हा आमच्या मालमत्तेच्या हक्कावर घाला आहे. २०११ साली फेडरल सर्किटने, म्हणजे पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या न्यायालयाने, निकाल दिला: न्यायाधीशांनी दार उघडं ठेवलं होतं, वेगळा दावा दाखवायचा होता, तुम्ही एकही दाखवला नाहीत. १,९७५ चुली सांगितल्या आणि पाहणीच्या वेळी स्टोव्हसुद्धा पुढे केला नाही. तोवर परवान्यांपोटी त्यांनी अनेक बड्या कंपन्यांकडून भरपूर वसुली केलेली होती, तेव्हा हळहळण्याचं कारण नाही.

खरं म्हणजे हा सगळा खेळ १९९५ सालीच संपायला हवा होता. त्याआधी पेटंटची मुदत मंजुरीपासून १७ वर्षं धरत. म्हणून अर्ज जितका रखडवाल तितकी मजा. ८ जून १९९५ पासून पहिल्या अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, असं ठरलं. म्हणजे एका घरातली सगळी भावंडं आपोआप एकाच दिवशी संपणार, डिस्क्लेमर कशाला? पण कार्यालयाने उशीर केला तर तेवढे दिवस भरून देण्याची तरतूद झाली, आणि कार्यालय उशीर करतंच. मग एका भावाला काही महिने जास्त, दुसऱ्याला कमी, आणि पुन्हा तोच नकार. फेडरल सर्किटच्या २०२३ च्या सेलेक्ट निकालात हेच झालं. उशीर कार्यालयाचा, भरपाई कायद्याने दिलेली, आणि त्या भरपाईमुळेच दावे बाद. डिस्क्लेमर द्यावा म्हटलं तर मुदत संपून गेलेली. पुढच्याच वर्षी, अ‍ॅलर्गनच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने म्हटलं की घरातल्या सगळ्यांत थोरल्याला धाकट्याच्या नावाखाली असं मारू नका. २०२४ च्या मे महिन्यात कार्यालयाने डिस्क्लेमर अधिक जाचक करण्याचा प्रस्ताव आणला. वकिलांनी आरडाओरडा केला. डिसेंबरात प्रस्ताव मागे.

आपल्याकडे काय? भारतीय पेटंट कायद्याच्या ३(के) कलमानुसार नुसता संगणक प्रोग्रॅम, अल्गोरिदम किंवा धंद्याची पद्धत यांना पेटंट नाही. ग्राहकसेवेच्या सॉफ्टवेअरला इथे पहिलंच कार्ड मिळायची मारामार, दुसऱ्याची चर्चा कोण करतो? ४६ व्या कलमात एका पेटंटमध्ये एकच शोध हे स्पष्ट आहे, आणि टर्मिनल डिस्क्लेमरची तडजोड आपल्या कायद्यात नाही. मात्र अमेरिकन जुळ्यांशी भांडण्यात आपण मागे नाही. हैदराबादच्या नॅटको कंपनीने गिलियडच्या एका औषधावरून हाच वाद तिथे लढवला, आणि २०१४ साली फेडरल सर्किटने मान्य केलं की उशिरा मिळालेलं पण आधी संपणारं पेटंटही दुसऱ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येतं.

राहता राहिला तो तडजोडीचा कागद. डिस्क्लेमर दिला म्हणजे शोध एकच असल्याची कबुली दिली असं होत नाही, हे तिथल्या न्यायालयांनी सांगून ठेवलंय. म्हणून चाळीस पानी उत्तर लिहून, ‘महाशयांना मॅटर समजलेलं नाही’ असं ठणकावून झालं की बहुतेक वकील शेवटी तो भरूनच टाकतात. संगणकावर एक फॉर्म असतो. दोनशे डॉलरच्या आत फी. माहिती बरोबर असेल तर मंजुरी तिथल्या तिथे येते; कोणी माणूस बघत नाही, रांग नाही, संगीत नाही, बटण दाबायला कोणी सांगत नाही. ग्राहकसेवेच्या या अवाढव्य व्यवहारात ग्राहकाला एका फटक्यात सेवा मिळते ती एवढीच, आणि माझ्या माहितीत तिच्यावर कोणा खाजगी कंपनीचं पेटंट नाही.